सेवेला जाताना
(तरुण मेळाव्यातील भाषण)



आपल्या वस्तीतील काही मुले-मुली स्वयंसेवक म्हणून परदेशी जाण्याची इच्छा बोलून दाखवतात, याचा आम्हां कार्यकर्त्यांना अभिमान वाटतो. परंतु निघण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : मी का जातो आहे?

ही वाट जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्यांनी फ्रान्समध्ये वर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त गावी स्वयंसेवकांचे शिबिर भरवले. त्यात जर्मनही होते. कालच्या शत्रूने येऊन घरे बांधावीत, हे तेथे सर्वांना रुचले नाही. काही महिन्यांतच काम थांबले. पण सेरेसोल खचले नाहीत. १९३४ च्या भीषण भूकंपानंतर ते बिहारमध्ये आले आणि उघड्यावर पडलेल्या लोकांसाठी नवी गावे वसवण्याच्या कामात राबले. त्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संस्था आजही देशोदेशी शिबिरे भरवते.

आपल्या समाजालाही अशा सेवेचा लाभ झाला आहे. इंग्लंडमध्ये १९८० साली 'एड फॉर इंडिया' या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे 'करुणा ट्रस्ट' झालेल्या संस्थेसाठी तेथील बौद्ध तरुणांनी काही आठवडे एकत्र राहून, संध्याकाळी दारोदार फिरून मदत मागितली. त्यातून आपल्याकडील मुलांच्या वसतिगृहांना हातभार लागला. त्यांच्यापैकी अनेकांनी भारत पाहिलाही नव्हता. सेवेसाठी विमानात बसावेच लागते असे नाही.

आमचाही एक अनुभव सांगतो. आमच्या वसतिगृहात परदेशातून दोन तरुण तीन आठवड्यांसाठी आले होते. त्यांनी मोठ्या हौसेने भिंती रंगवल्या. नंतर आम्हांला रंगारी बोलावून त्या पुन्हा रंगवाव्या लागल्या. त्याचे दुःख नाही. पण ते गेल्यावर धाकटी मुले कितीतरी दिवस विचारत राहिली, "दादा परत कधी येणार?" याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्या तरुणांतील एकजण निघताना प्रामाणिकपणे म्हणाला, "मी प्रमाणपत्रासाठी आलो होतो. जाताना मात्र शिकून चाललो आहे." त्याच्या या खरेपणाचे आम्हांला कौतुक वाटले.

जग पाहावे, नोकरीला उपयोग व्हावा असे वाटणे हा गुन्हा नाही. मात्र भगवान बुद्धांच्या शिकवणीत कर्माचे मूळ चेतनेत आहे. आपली चेतना आपणच तपासावी. जेथे जाऊ तेथील लोकांना काय हवे ते आधी विचारावे, भाषा थोडी तरी शिकावी आणि लहान मुलांना खोटी आशा लावू नये.

पालकांनाही एक विनंती. सेवेच्या नावाखाली मोठी रक्कम मागणाऱ्यांची नीट चौकशी करा. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम उमेदवाराकडून कोणतेही शुल्क घेत नाही, उलट निर्वाहभत्ता देतो. कर्ज काढून मुलांना सेवेला पाठवू नका.

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन ठरवला. दुसऱ्याच दिवशी परमपूज्य बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन असतो. त्या रात्री दादरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रांगेत थकलेल्या आजीला पाण्याचा पेला देणारी, हरवलेल्या लेकराला आईपाशी पोहोचवणारी आपली मुले कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय उभी असतात. ज्याने तो पेला मनापासून दिला, त्याने खुशाल जगाच्या पाठीवर कोठेही जावे. तेथेही तो माणूस म्हणूनच उभा राहील, याची आम्हांला खात्री आहे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!