तिथी नसलेली बखर

इतिहाससंशोधकाच्या हाती एखादी जुनी बखर लागली म्हणजे तिच्यातील मजकुरावर तो एकदम विसंबत नाही. बखरीत प्रसंग असतात. पण तिथी नसतात, किंवा असल्या तर त्या भरवशाच्या नसतात. म्हणून तो शकावली काढतो, पत्रे काढतो आणि एका साक्षीने दुसरी पारखून घेतो. खोल सागराच्या तळाशी साचलेला गाळ ही पृथ्वीची अशीच एक बखर आहे. तिच्या एकाही पानावर तिथी नाही. ती कशी लावतात, हे आज पाहावयाचे आहे.

किनाऱ्यापासून दूर, हजारो मीटर खोलीवर हा गाळ फार सावकाश साचतो. सहस्र वर्षांत कोठे काही मिलिमीटर, कोठे एकदोन सेंटिमीटर. त्यात दोन वस्तू विशेष मोलाच्या असतात. एक, फोरॅमिनिफेरा, रेडिओलेरिया अशा सूक्ष्म जीवांची कवचे. दुसरी, मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण. हे कण तळाशी बसताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळतात आणि वर नवा थर चढला म्हणजे त्याच स्थितीत जखडले जातात.

हे क्षेत्र मात्र वेळोवेळी उलटे झालेले आहे. फ्रान्समध्ये बेर्नार ब्र्युन यांना लाव्हाने भाजलेल्या मातीत उलटे चुंबकत्व आढळले. ते त्यांनी १९०६ साली प्रसिद्ध केले. जपानचे मोतोनोरी मात्सुयामा यांनी १९२९ साली तशाच खडकांची साक्ष पुढे आणली. १९६३-६४ च्या सुमारास अमेरिकेतील कॉक्स, डोएल व डॅलरिंपल यांनी, आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनीही, पोटॅशियमपासून साठत जाणाऱ्या अर्गॉन वायूवरून लाव्हांची वये काढली व या उलटापालटीची शकावली सिद्ध केली.

ती सागरतळाला लागू करण्याचे काम अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात झाले, यालाही कारण आहे. जहाजावरून सोडलेली लांब पोकळ नळी तळात घुसते व आत गाळाचा दंडगोल, म्हणजे गाभा, भरून वर येतो. घुसताना नळी स्वतःभोवती किती फिरली हे कळत नाही; त्यामुळे गाभ्यातील पूर्वपश्चिम हरवते. परंतु ध्रुवाजवळ चुंबकसूची जवळजवळ उभी राहते. तेथे टोक वर आहे की खाली, एवढे समजले तरी पुरते.

तरीही ही साक्ष अपुरीच. तिच्या लिपीत अक्षरे दोनच, सुलट आणि उलट. मधला एखादा थर प्रवाहाने वाहून नेला असेल, तर तिसरी उलटापालट पहिली म्हणून मोजली जाईल आणि लाखो वर्षांची चूक होईल. येथे जीवाश्म उपयोगी पडतात. एकदा नष्ट झालेली जाती पुन्हा उपजत नाही. ताऱ्याच्या आकाराची सूक्ष्म कवचे घडविणारे डिस्कोॲस्टर सुमारे १९ लाख वर्षांपूर्वी संपले. ते जेथे मूळ थरात सापडतात, तो थर त्याहून अलीकडचा असू शकत नाही. पण जीवाश्मांतही दोष आहे. ते क्रम सांगतात, आकडा सांगत नाहीत. शिवाय जुनी कवचे वाहत येऊन नव्या गाळात मिसळतात. १९६६ साली ओप्डाइक, ग्लास, हेज व फॉस्टर यांनी दाखविले, की रेडिओलेरियांवरून पाडलेले विभाग आणि चुंबकीय उलटापालट यांचा मेळ एका गाभ्यामागून दुसऱ्या गाभ्यात तसाच बसतो. दोन अपुऱ्या साक्षी एकमेकींना पुऱ्या पडल्या.

याचे फळ लवकरच दिसले. विषुववृत्ताजवळच्या पश्चिम पॅसिफिकमधील १६ मीटर लांबीच्या एका गाभ्यात शेवटची मोठी उलटापालट १२ मीटरवर आढळली. १९७३ साली शॅकलटन आणि ओप्डाइक यांनी त्यातील कवचांच्या ऑक्सिजनवरून हिमाची वाढघट मोजली. आल्प्स पर्वतावरून ठरविलेली चार हिमयुगे पुस्तकांतून शिकविली जात होती. गाभ्यात त्यांच्या दुपटीच्या आसपास थंड कालखंड निघाले. पुढे १९७६ साली हेज, इंब्री व शॅकलटन यांनी दक्षिण हिंदी महासागरातील दोन गाभ्यांवरून दाखविले, की हा ताल पृथ्वीच्या कक्षेतील आणि आसाच्या कलातील फेरबदलांशी जुळतो.

आणि मग नवल घडले. त्या खगोलीय तालावरून उलट गणित करता, लाव्हावरून ७ लाख ३० हजार वर्षे मानलेली ती उलटापालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची ठरली. १९९० साली शॅकलटन व त्यांचे सहकारी यांनी हे मांडले, आणि अर्गॉनच्याच अधिक काटेकोर पद्धतीने लाव्हाची पुन्हा तपासणी झाली तेव्हा तिनेही चिखलाच्याच बाजूने कौल दिला. ज्या शकावलीने बखरीला तिथी दिल्या, त्या शकावलीचीच चूक बखरीने दुरुस्त केली!

श्रोतेहो, प्राचीन काळाविषयी आकडा ऐकला म्हणजे तो किती मोठा आहे, यावर आपण थक्क होतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की त्या आकड्यामागे एकमेकींपासून स्वतंत्र अशा किती साक्षी उभ्या आहेत? जपानमधील चिबा येथे, एके काळी समुद्रतळ असलेल्या आणि आता वर उचलल्या गेलेल्या थरांत, हीच उलटापालट नोंदलेली आहे. तिच्याच आधाराने २०२० साली तेथील थर भूवैज्ञानिक कालविभागाची जागतिक सीमा म्हणून मान्य झाला. वय लिहिले गेले, सुमारे ७ लाख ७४ हजार वर्षे. त्या आकड्यामागे लाव्हा, कवचे, लोहकण आणि ग्रहगणित या चौघांची साक्ष आहे.