चित्रं बघायला अक्षर कशाला?

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची लेक अडीच वर्षांची झाली, तरी ‘आई’, ‘पाणी’, ‘दे’ यापुढे जाईना. सासूबाई म्हणायच्या, “तिचा बाप पण उशिराच बोलला.” ताईंच्या जिवाला मात्र घोर लागला होता.

आम्ही बैठकीत ठरवून चित्रांची पुस्तकं आणली. त्यात माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मधलीही होती. ताई म्हणाल्या, “मला सहीपुरतंच येतं, मी काय वाचणार?”

पहिल्या आठवड्यात चुकलो ते आम्हीच. पोरीला मधे बसवून एकेका चित्रावर बोट ठेवायचं आणि “हे काय? ते काय? सांग ना!” पोरीनं तोंडच मिटलं. परीक्षाच होती ती.

मग आम्ही रीत बदलली. लेकरू मांडीवर, पुस्तक त्याच्या हातात. ते कुठं बघतंय ते आपण बघायचं आणि गप्प राहायचं. मनात पाच अंक मोजायचे. (आम्हा बायकांना हेच सगळ्यात जड गेलं!) लेक म्हणाली, “भूभू.” की आपण म्हणायचं, “हो, काळा भूभू. भूभू पळतोय.” तिच्या एका शब्दाला आपले दोन जोडायचे. पुढं विचारायचं, “कुठं पळतोय गं?” उत्तर काहीही येऊ दे. तेच पुस्तक दहादा मागितलं तर दहादा घ्यायचं. बोलायचं आपल्या घरच्याच बोलीत. मोबाईलवरची गाणी ती तासभर बघायची, पण मोबाईल काही तिच्या उत्तरासाठी थांबत नाही.

अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईबापांना हीच रीत शिकवली होती. नेहमीसारखं वाचून दाखवणाऱ्या घरांतल्या मुलांपेक्षा ही मुलं महिन्याभरात बोलण्यात पुढं गेली. त्यांचा अभ्यास १९८८ साली छापून आला.

पण एक लक्षात ठेवा. दोन वर्षं पूर्ण होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल, किंवा मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर नुसत्या पुस्तकावर भागवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांना दाखवा, कान तपासून घ्या. पथकाला वेळ असेल तर वाट बघत बसू नका, सरकारी दवाखाना गाठा. ताईंनीही लेकीचे कान तपासून घेतले. ते ठीक निघाले.

परवा बैठकीत ती पोर पुस्तक घेऊन आमच्या अध्यक्षबाईंच्या मांडीवर चढली. शेळीच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, “बकली पानी पित नाय.” अध्यक्षबाईंनी मनात पाच मोजले. तेवढ्यात पोर पुढं म्हणाली, “बकली लुसली.”