रात्रीचा क्रमांक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, कानपूर येथील सभासद-मेळाव्यात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत, पेशवाई अशा विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. माझ्याजवळ तशी विद्वत्ता नाही. १९७१ पासून २००३ पर्यंत, बत्तीस वर्षे, मी एका कारखान्याच्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. ‘तुमच्या कामाविषयीच बोला’ अशी अध्यक्षांची आज्ञा झाली, म्हणून आपल्यापुढे उभी आहे.

आपल्या गावाचे दूरध्वनीशी जुने नाते आहे. ऑपरेटरच्या मध्यस्थीवाचून परगावचा क्रमांक स्वतः फिरवण्याची, म्हणजे एस.टी.डी.ची सोय भारतात प्रथम झाली ती १९६० साली, कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये. परंतु वाई-साताऱ्याकडे बोलायचे तर त्यानंतरही कित्येक वर्षे ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे. घरी टेलिफोन असलेली आपली कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून गावाकडच्या मंडळींना प्रत्येकाने एकच क्रमांक देऊन ठेवलेला असे, तो कचेरीचा. जन्माची वार्ता असो वा मृत्यूची, ती आधी माझ्या कानावर पडे.

या व्यवसायाचा इतिहास थोडा गमतीचा आहे. आरंभी अमेरिकेत हे काम मुलांकडे होते. त्यांच्या उद्धट बोलण्याला ग्राहक कंटाळले, तेव्हा १८७८ साली बॉस्टन येथे एमा नट ही पहिली स्त्री-ऑपरेटर नेमली गेली. पुढे अंत्यविधीचे साहित्य पुरवणाऱ्या स्ट्रोजर नावाच्या गृहस्थांना संशय आला, की ऑपरेटर आपली गिऱ्हाईके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते. त्या रागातून त्यांनी स्वयंचलित जोडणीचे यंत्र शोधून काढले, असे सांगतात. त्यांचे पेटंट १८९१ सालचे. म्हणजे मधल्या माणसावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न या धंद्याला प्रथमपासून चिकटलेला आहे. माझ्या वाट्यालाही तो आला.

मी कामावर लागले तेव्हा दोरांचा बोर्ड होता. बाहेरचा कॉल आला की त्या लाइनीची झडप पडे. जोडीतला एक दोर तिथे खोवायचा, कोण हवे ते विचारायचे, दुसरा दोर त्या माणसाच्या एक्स्टेन्शनच्या छिद्रात घालायचा आणि खटका दाबून घंटा द्यायची. सगळे काम डोळ्यांसमोर असे. संध्याकाळी निघताना बाहेरच्या लाइनीचा एक दोर पहारेकऱ्यांच्या खोलीशी जोडून ठेवायचा, म्हणजे रात्रीची घंटा तिथे वाजे. खोलीतून बाहेर पडताना मागे वळून पाहिले की दोर लटकताना दिसे आणि मन निश्चिंत होई.

१९८८ साली इलेक्ट्रॉनिक यंत्र आले. दोर गेले, त्यांच्या जागी बटणांचा एक छोटा कन्सोल आला. आता जोडण्याआधी यंत्राला शिकवणे हे माझे काम झाले. गुप्त संकेतांक दाबून आत शिरायचे, मग कोणत्या सोयीविषयी सांगतो आहोत त्याचा अंक, मग एक्स्टेन्शनचा क्रमांक, मग आज्ञा. आज्ञा पोचली तर लांब सूर ऐकू येई, चुकली तर तुटक. कोणाला थेट परगावी बोलता यावे आणि कोणाला गावातल्या गावातच, कोणाचा फोन उचलला नाही तर तो कोणाकडे वळावा, हे सारे ठरवून द्यावे लागे. चालू संभाषणात शिरण्याची सोयही ऑपरेटरला होती. पण शिरताच दोघांनाही सूचनेचा सूर ऐकू जाई. मला ती व्यवस्था आवडली. पूर्वी खटका ओढून चोरून ऐकणे शक्य होते. ऐकायचे नाही, हे बंधन ऑपरेटरनेच स्वतःवर घालून घ्यायचे असे.

आणि याच यंत्रात ‘रात्रीचा क्रमांक’ होता. निघताना एक बटण दाबायचे, की बाहेरून येणारे सारे कॉल नेमून दिलेल्या एका एक्स्टेन्शनवर जात. आमच्याकडे तो क्रमांक २१, पहारेकऱ्यांच्या खोलीचा.

जानेवारी १९९० मध्ये पहारा नव्या फाटकाजवळ हलला. तेथे ३४ क्रमांक दिला गेला. मी कचेरीच्या यादीत दुरुस्ती केली, टंकलिखित प्रती सर्व खात्यांत वाटल्या. यंत्रात मात्र रात्रीचा क्रमांक २१ च राहिला. शनिवारी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे बटण दाबले, दिवा लागला आणि मी घरी गेले. दिवा खोटे बोलत नव्हता. रात्रीची व्यवस्था चालू होती. फक्त घंटा कुलूप लावलेल्या रिकाम्या खोलीत वाजणार होती.

त्या रात्री आमच्याकडील एका मराठी फिटरच्या भावाने वाईहून तीनदा फोन केला. आई अत्यवस्थ होती. घंटा वाजत राहिली, उचलले कोणीच नाही. शेवटी त्याने तार केली. ती सोमवारी दुपारी मिळाली. आई मंगळवारी पहाटे गेली. हे गृहस्थ बुधवारी पोचले. शनिवारी निरोप मिळता तर रविवारची गाडी धरून भेट झाली असती.

सोमवारी सकाळी पहारेकऱ्यांनी सहज सांगितले, की दोन रात्री एकही फोन आला नाही. मी कन्सोलवर तपासले आणि माझे हातपाय गार पडले. वरिष्ठ म्हणाले, ‘नवीन यंत्र आहे, यंत्राचा दोष म्हणून लिहून द्या.’ पण यंत्राने तर मी सांगितले होते तेच अक्षरशः केले होते.

ते गृहस्थ परतल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि घडले तसे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘वहिनी, म्हणजे त्यानं फोन केला होता? मला वाटलं, तो खोटं बोलतोय. आईच्या पिंडासमोर मी त्याला नाही नाही ते बोलून आलोय.’ त्याच दुपारी त्यांनी भावाला वाईला फोन लावून देण्यास सांगितले. मी जोडून दिला आणि कानावरचा संच काढून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

झालेली हानी माझ्या कबुलीने भरून निघाली नाही, आणि तसा दावाही मी करीत नाही. परंतु ‘यंत्राचा दोष’ असे मी लिहून दिले असते, तर आईबरोबर त्या दोघांचे भाऊपणही गेले असते.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी दोन नियम पाळले. यंत्रातला प्रत्येक बदल वहीत तारखेसह लिहायचा. आणि संध्याकाळी बटण दाबल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून कचेरीचा क्रमांक फिरवून, पहारेकऱ्याचा ‘हॅलो’ ऐकल्याशिवाय घरी जायचे नाही. दिव्यावर विसंबायचे नाही. पलीकडे माणूस बोलला, तरच लाइन चालू आहे असे समजायचे.

आज प्रत्येकाच्या खिशात टेलिफोन आहे. कचेऱ्यांतून ध्वनिमुद्रित आवाज ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ असे सांगतात. कोणाला वाटेल, रात्रीच्या क्रमांकाची गोष्ट आता जुनी झाली. पण आपल्या मंडळाकडे पाहा. मुले पुण्या-बंगळुराला किंवा परदेशी आहेत. येथे एकेकटे राहणारे वृद्ध सभासद कितीतरी आहेत. मध्यरात्री छातीत दुखू लागले तर त्यांनी कोणाला फोन करावा? मंडळाच्या यादीत क्रमांक आहेत. पण त्यांपैकी किती रिकाम्या खोलीत वाजतात, हे कोणी कधी पाहिले आहे काय?

सुवर्णमहोत्सवानिमित्त माझी एवढीच विनंती आहे. रात्री उचलला जाईल असा मंडळाचा एक क्रमांक ठरवावा, आणि महिन्यातून एकदा तो कोणीतरी फिरवून पाहावा. ते काम करायला मी तयार आहे. मला त्याची सवय आहे.