कोळ्याचे वर्णन कोणत्या भाषेत करावे?

(बोथ येथील मराठी भाषकांच्या सभेत केलेले भाषण)



भाषेच्या सभेत आज मी एका कोळ्याविषयी बोलणार आहे. मासे धरणाऱ्या नव्हे, आठ पायांच्या.

मलायाच्या पश्चिम किनाऱ्यालगत पेनांग नावाचे बेट आहे. तिथला बिळात राहणारा एक कोळी कोपनहेगनच्या श्योट या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती आला. १८४९ साली त्याने त्याचे वर्णन छापले आणि 'लिफिस्टियस डेसुल्टर' असे नाव ठेवले. आपण रोज पाहतो त्या कोळ्यांचे पोट पिशवीसारखे असते. याच्या पोटावर एकीमागे एक आडव्या पट्ट्या. धागा काढणारे अवयव शेवटाला नसून पोटाच्या खालच्या अंगाला, मध्याजवळ. अशा ठेवणीचे कोळी सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जीवाश्मरूपाने सापडतात. कोळ्यांच्या वंशातली ही अगदी बुंध्याजवळची फांदी.

माझे लक्ष मात्र लेखाच्या मथळ्याने वेधले. 'कोळ्यांच्या गणातील एका वेगळ्या वळणाच्या प्रजातीविषयी' असा काहीसा त्याचा अर्थ, आणि तो डॅनिश भाषेत आहे. डेन्मार्कची लोकसंख्या आजही ६० लाखांच्या आसपास. मराठी ही मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते.

ते जुने दिवस होते, असे कुणी म्हणेल. तर आजचा नियम बघा. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता नाव लॅटिन लिपीत मागते, वेगळेपण शब्दांत मागते, नमुना कुठे ठेवला ते मागते. वर्णनाची भाषा कोणतीही चालते. जगात वाचल्या जाणाऱ्या भाषेत सारांश असावा, एवढी शिफारस आहे. वनस्पतींना ही मुभा नाही, तिथे लॅटिन किंवा इंग्रजीच. म्हणजे नवा कोळी मराठीत जगापुढे आणायला कायद्याची आडकाठी नाही.

मग अडते कुठे? शब्दांत, असे आपण धरून चालतो. करून पाहू. याचे बीळ म्हणजे लहानसे पेव: तोंड अरुंद, वर मातीचे झाकण, झाकणाला रेशमाची बिजागरी. तोंडापासून जमिनीवर सहा-सात धागे पसरलेले. किड्याचा पाय लागला की दाराची घंटा वाजावी तसे आत कळते. याचे सुळे कुदळीसारखे वरून खाली येतात, घरातल्या कोळ्याचे चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात. धागा काढणाऱ्या अवयवाला मी 'चाती' म्हणेन. कापसाच्या मुलखाला चाती समजावून सांगावी लागू नये. हे ऐकून आठवीतला मुलगा चित्र काढू शकेल. संस्कृतातून घडवलेल्या शब्दांशी माझे वैर नाही, पण त्यांनाही हीच परीक्षा लावावी.

खरी अडचण पुढे आहे. दोन जवळच्या जाती ओळखायच्या त्या बहुधा नराच्या तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवाच्या टोकावरून आणि मादीच्या आतल्या जननेंद्रियांवरून. तिथले बारकावे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आणि त्यांना घरचे शब्द नाहीत. ते जुळवण्यासाठी प्राणिशास्त्र शिकवणारा आणि भाषा जाणणारा एका बाकावर बसला पाहिजे. अकादमीने पैसे खर्चावेत ते इथे.

नावाचे एक बरे असते, ते टिकते. शहराचे नाव १९९५ साली मुंबई झाले. २००५ साली एका झाकणवाल्या कोळ्याचे नाव प्रसिद्ध झाले ते 'आयडिऑप्स बॉम्बेएन्सिस'! आता ते बदलणार नाही.

असे झाकणवाले कोळी, पेनांगच्या कोळ्यापेक्षा वेगळ्या गटातले, आपल्या देशात बरेच आहेत. पावसाळ्यानंतर बांधाच्या उभ्या कडेला, रस्त्याच्या दरडीत नीट पाहा. झाकण उचकटू नका, बोट तर घालूच नका. चित्र काढा, जागा लिहा, दहा ओळींत मराठीत वर्णन करा. आणि गोंडी, तेलुगू, लंबाडी बोलणाऱ्या शेजाऱ्यांना विचारून त्यांचा शब्द शेजारी लिहा. तो चांगला निघाला तर आपण उसना घेऊ. वर्णने आली की पुढच्या वार्षिकात ती शब्दांच्या यादीसह छापावीत, अशी संपादकांना विनंती आहे.