किरणोपचारानंतरचे दात



आम्ही वैद्य नव्हे. सरकारी कचेरीत हयात घालविलेले एक साधे पदवीधर आहोत. तथापि आमच्या थोरल्या बंधूंच्या जिभेच्या कर्करोगानिमित्त जे पाहिले व तज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवावे, एवढाच हेतू. ज्या घरांत मशेरी आणि तंबाखू अद्याप आहे, तेथे हा विषय परका नाही.

अशा रोगावर किरणोपचार साधारणतः सहा-सात आठवडे चालतात. मात्रा बहुधा ६० ते ७० ग्रे. रोग हटतो, परंतु किरणांच्या वाटेत लाळग्रंथीही येतात. नव्या यंत्रांनी त्या काही अंशी वाचविता येतात, सर्वस्वी नव्हे. लाळ म्हणजे केवळ ओलावा नव्हे. ती आम्ल शमविते आणि दातांच्या कवचास खनिजे परत देते. ती आटली की दात हिरड्यांलगत किडतात व तेथेच मोडतात.

दुसरे संकट हाडाचे. किरणांनी जबड्यातील, विशेषतः खालच्या जबड्यातील, सूक्ष्म रक्तवाहिन्या क्षीण होतात. रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ साली असे मांडले की, अशा हाडात प्राणवायू, पेशी व रक्तवाहिन्या तिन्ही उणे असतात. म्हणून जखम भरत नाही. हा धोका वर्षे लोटली तरी उरतोच. आमच्या बंधूंची दाढ आठव्या वर्षी उपटली गेली. काढणाऱ्याने पूर्वीचा आजार विचारला नाही. हाड उघडे पडले, आणि अखेर जबड्याचा तुकडा काढावा लागला.

मग करावे काय? उपचारापूर्वीच दंतवैद्यास दाखवावे. न टिकणारे दात काढून जखम भरण्यास दोन-तीन आठवडे द्यावेत. पुढे रोज फ्लोराइडचा लेप, घोटघोट पाणी, गोडास फाटा, तोंड उघडण्याचा व्यायाम आणि ठरावीक मुदतीने तपासणी, हे सारे आयुष्यभर. दात दुखला, तरी तो काढण्यापूर्वी रूट कॅनालने वाचतो का, हे आधी पाहावे.

आपल्यापैकी कित्येक जण उपचारासाठी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात आणि दातांसाठी मात्र गल्लीतल्या दंतवैद्याकडे. म्हणून किरणोपचाराचा कागद जपून ठेवावा, आणि तो दाखविल्यावाचून त्या खुर्चीत बसू नये. रोगी घरी परतला म्हणजे प्रकरण निकालात निघाले असे नव्हे. ही फाइल जन्मभर चालूच ठेवावयाची असते.