गोठलेला हायड्रोजन आणि त्याचे शेजारी



युनियनच्या माणसाने हायड्रोजनवर बोलावे याचे चिंचपोकळीत कोणाला हसू आले, तर आम्ही रागावणार नाही. पण अवरक्त किरणांशी गिरणगावाची ओळख जुनी आहे. बॉयलरचे दार उघडताच तोंडावर जी धग येई, तीत डोळ्यांना न दिसणारे हेच किरण असत.

पाण्याची वाफ हे किरण शोषते. एकटा हायड्रोजनचा रेणू जवळजवळ नाहीच. त्याचे दोन्ही अणू तंतोतंत सारखे, विजेचा भार कोणाकडेच झुकत नाही. रेणू थरथरला तरी किरणाला धरायला मूठ सापडत नाही.

१९४९ साली टोरांटो विद्यापीठात वेल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की दाबलेल्या वायूत रेणू एकमेकांवर आदळताना हे शोषण होते. शेजाऱ्यामुळे रेणूतला भार क्षणभर ढळतो. पुढे १९५५ साली तेथेच एलिझाबेथ ॲलिन या विदुषींनी, हेअर व मॅकडॉनल्ड यांच्यासह, द्रव आणि घन हायड्रोजनचा वर्णपट प्रसिद्ध केला. हायड्रोजन गोठतो उणे २५९ अंशांना. याहूनही थंड, उणे २६९ अंशांचा द्रव हेलियम आपल्या कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार होतो.

हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही लगेच गेट सभेत सांगून मोकळे झालो : एकटा रेणू मुका, शेजारी आले की बोलतो! टाळ्याही मिळाल्या. पुढचे पान वाचले असते, तर इतक्या घाईने बोललो नसतो.

हायड्रोजनच्या दोन जाती आहेत, ऑर्थो आणि पॅरा. नेहमीच्या तापमानाला चारांत तीन ऑर्थो. थंडीतला पॅरा रेणू चेंडूसारखा, कोणत्याच दिशेला न झुकणारा. शुद्ध पॅराच्या स्फटिकात प्रत्येकाला बारा निकटचे शेजारी असतात. पण त्यांची ओढ एकमेकींना पुरती छेदते, आणि नुसत्या थरथरीची रेषा उमटतच नाही. फिरण्यासह थरथरण्याच्या रेषा दिसतात, ही गोष्ट वेगळी. थोडे ऑर्थो मिसळले, की ती हरवलेली रेषा हजर! म्हणजे नुसती गर्दी पुरत नाही. ही चूक आम्ही त्याच गेटवर पुन्हा उभे राहून कबूल केली. तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत.

हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे. थंडीत ऑर्थोचे हळूहळू पॅरा होते आणि उष्णता सुटते. इतकी, की उत्तम टाकीतला द्रव हायड्रोजनही आपोआप उकळून जाऊ लागतो. भारताच्या स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाने ५ जानेवारी २०१४ रोजी उपग्रह वर नेला, त्याचे इंधन हेच. म्हणून द्रव करतानाच लोहाच्या ऑक्साइडसारख्या उत्प्रेरकावरून नेऊन त्याचे पॅरा करून घेतात. मागे किती ऑर्थो उरले, याचा हिशेब अवरक्त वर्णपटातल्या रेषांवरून मांडता येतो.