मुसोलिनीची लढाई आणि आमच्या पोरांचें रक्त

(पुण्यांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही इटलीवर बोलणार असें ऐकून एका गृहस्थांनीं आम्हांला मंडईजवळ गांठलें आणि विचारलें, "अहो, पुण्यांत बसून इटलीची उठाठेव कशाला?" आम्हीं त्यांना उलट विचारलें, तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील, माणगांव तालुक्यांतला यशवंत घाडगे तुम्हांला ठाऊक आहे काय? ते गप्प राहिले. मराठा पलटणींतला हा २२ वर्षांचा नाईक १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत एकटा मशीनगनच्या मोर्चावर चालून गेला, मोर्चा घेतला आणि तेथेंच पडला. व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या माघारीं मिळाला. कासिनोच्या स्मारकावर, ज्यांची समाधी ठाऊक नाहीं अशा शिपायांत त्याचें नांव आहे. माणगांवच्या पोराचें टायबरच्या खोऱ्यांत काय काम होतें, हें समजून घ्यावयाचें तर आरंभ मुसोलिनीपासून करावा लागतो.

मुसोलिनीनें गादी कांहीं लढून मिळविली नाहीं. ऑक्टोबर १९२२ मध्यें काळ्या सदऱ्यांचे जथे रोमवर निघाले आणि राजानें आपण होऊन त्याला प्रधानकी दिली. हे बहाद्दर स्वतः मिलानहून रात्रीच्या आगगाडीनें आले! ३० मे १९२४ रोजीं मात्तेओत्ती नांवाच्या समाजवादी पुढाऱ्यानें निवडणुकींतली दांडगाई भर सभागृहांत चव्हाट्यावर मांडली. १० जूनला त्याचा खून पडला. ३ जानेवारी १९२५ रोजीं मुसोलिनीनें उभें राहून जें घडलें त्याची सर्व जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. त्याला खालीं खेंचणारा कोणी निघाला नाहीं.

बाहेरच्या जगाचीही परीक्षा त्यानें आधींच घेऊन ठेवली होती. १९२३ सालीं ग्रीसच्या सरहद्दीवर एक इटालियन सेनापति मारला गेला. मारेकरी सांपडले नाहींत. मुसोलिनीनें कॉर्फू बेटावर तोफा डागल्या. ग्रीसनें राष्ट्रसंघाकडे दाद मागितली, तर बड्या राष्ट्रांनीं प्रकरण संघाबाहेर नेलें आणि ग्रीसलाच ५ कोटी लिरा भरावयास लावले. मार खाणाऱ्यानेंच दंड भरावा, हा न्याय आपल्या खेड्यापाड्यांत नवा नाहीं. जिनीव्हांतही तोच चालतो, हें त्या वर्षीं कळलें.

मग हबसाणची पाळी आली. हबसाण म्हणजे आजचा इथिओपिया. १८९६ सालीं अडोवा येथें हबशांनीं इटलीच्या फौजेची दाणादाण उडविली होती, तो सल इटलीच्या मनांत होता. ३ ऑक्टोबर १९३५ रोजीं युद्ध न पुकारतां मुसोलिनीची फौज हबसाणांत घुसली. हबसाण १९२३ पासून राष्ट्रसंघाचें सभासद होतें. संघानें चार दिवसांत इटलीस दोषी ठरविलें. हें मात्र चटकन झालें. शिक्षा लागू झाली १८ नोव्हेंबरपासून, आणि ती कशी होती तें नीट ऐका.

गांवानें वाळींत टाकलें म्हणजे काय होतें, हें आपल्यापैकीं कित्येकांच्या आजे-पणज्यांनीं भोगलें आहे. न्हावी येत नाहीं, वाणी दाणा देत नाहीं, पाणवठा बंद होतो. जिनीव्हाच्या पंचांनीं इटलीस वाळींत टाकलें, पण पाणवठा उघडा ठेवला! इटलीस शस्त्रें देऊं नयेत, कर्ज देऊं नये, तिचा माल घेऊं नये, इतकें ठरलें. तेल, कोळसा आणि पोलाद हीं यादींतून वगळलीं. रणगाडे, लॉऱ्या आणि विमानें तेलावर चालतात, हें पंचांस ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल? अमेरिका संघांत नाहीं, ती तेल विकणारच, मग आपण थांबवून काय उपयोग, ही सबब. सुएझचा कालवाही मोकळाच. इटलीच्या फौजेचीं जहाजें रीतसर टोल भरून तेथून पलीकडे जात होतीं. पुढें १९३८ मध्यें म्युनिकला मुसोलिनीनें हिटलरजवळ कबुली दिली, कीं तेल बंद झालें असतें तर आठवड्याभरांत मला हबसाण सोडावें लागलें असतें. हें हिटलरच्या दुभाष्यानें लिहून ठेवलें आहे.

असली अर्धी शिक्षा मुसोलिनीच्या पथ्यावरच पडली. सारें जग आपल्यावर उठलें आहे असा त्यानें घरीं ओरडा केला, आणि १८ डिसेंबर १९३५ रोजीं इटलीच्या बायकांनीं, राणीसुद्धां, लग्नाच्या सोन्याच्या आंगठ्या काढून दिल्या. त्याच महिन्यांत इंग्लंडचा होर आणि फ्रान्सचा लाव्हाल यांनीं हबसाणचा मोठा लचका इटलीस देण्याचा बेत गुपचूप केला. बातमी फुटली, होरची खुर्ची गेली. परंतु मनांतलें बाहेर आलें. मुसोलिनीला दुखविलें तर तो हिटलरच्या पंगतीस जाऊन बसेल, ही त्यांची भीति. तो गेलाच!

इकडे हबसाणांत विमानांतून विषारी वायु पडत होता. तो न वापरण्याच्या करारावर इटलीची सही होती. ५ मे १९३६ रोजीं अदिस अबाबा पडलें. ३० जूनला बादशहा हैले सेलासी जिनीव्हांत दाद मागावयास उभा राहिला, तेव्हां इटालियन पत्रकारांनीं शिट्ट्या वाजविल्या. जुलैंत शिक्षा उठली.

आतां आपल्या घरचें. हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा सभासद होता, पण त्याचे प्रतिनिधि सरकारच नेमी. तेव्हां सरकार सोडा, पुढाऱ्यांचें पाहूं. गोलमेज परिषदेहून परततांना डॉ. मुंजे १९ मार्च १९३१ रोजीं रोमला मुसोलिनीस भेटले आणि तेथल्या पोरांच्या लष्करी कवायतींनीं भारले. पुढें १९३७ सालीं त्यांचें नाशिकचें भोंसला मिलिटरी स्कूल निघालें. त्याच वर्षीं, म्हणजे १९३१ च्या डिसेंबरांत, गांधीजीही मुसोलिनीस भेटले होते, हेंही सांगितलें पाहिजे, पक्षपात नको. मार्च १९३६ मध्यें जवाहरलाल रोमवरून परतत होते, पत्नी नुकतीच वारली होती, आणि मुसोलिनीचें बोलावणें आलें. हबसाणावर स्वारी चालू असतां त्यांनीं ती भेट नाकारली. आमच्या पुण्यांत 'केसरी'नें मुसोलिनीच्या इटलीचें कौतुक वर्षानुवर्षें छापलें. आणि १ ऑगस्ट १९३८ रोजीं याच शहरांत सावरकरांनीं मोठ्या सभेंत सांगितलें, कीं जर्मनीस नाझीपंथ व इटलीस फॅसिझम मानवला, त्यांनीं कोणता मार्ग धरावा हें सांगणारे आपण कोण? त्या हिशेबांत विषारी वायूखालीं भाजलेला हबशी शेतकरी कोठें बसतो, हें आम्हांला उमगत नाहीं. ज्यांना घरांतली जातीची उतरंड मोडावयाची नसते, त्यांना परक्या हुकूमशहाची शिस्त गोड लागते, असें आमचें मत आहे. कोणी रागावेल तर रागावो.

हिशेब चुकता करावयास मात्र दुसरेच लोक गेले. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉयनें कोणा हिंदी माणसास न विचारतां हा देश युद्धांत ओढला. १० जून १९४० रोजीं, फ्रान्स आडवा पडत असतां, मुसोलिनीनें उडी घेतली. ज्यांना १९३५ मध्यें तेल बंद करावयाचें नव्हतें, त्यांनीं १९४१ मध्यें एरिट्रियांतल्या केरेनच्या उघड्या डोंगरांवर हिंदी शिपाई चढविले. मराठे त्यांत होते. सात आठवडे झुंज चालली आणि २७ मार्चला केरेन पडलें. ५ मे १९४१ रोजीं, बरोबर पांच वर्षांनीं, बादशहा अदिस अबाबांत परतला.

पुढें लढाई खुद्द इटलींत गेली. १९४३ सालीं मुसोलिनी गादीवरून गेला, पण जर्मन फौज तेथें ठाण मांडून राहिली. तिच्याशीं लढतां लढतां घाडगे गेला. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर, तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील नामदेव जाधव या साध्या शिपायानें दोन जखमी सोबत्यांस पाण्यांतून आणि सुरुंगांतून उचलून आणलें, मग पुन्हां जाऊन मशीनगनचीं तीन ठाणीं उडविलीं आणि बांधावर चढून मराठ्यांची आरोळी दिली. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो जिवंत परतला. त्यानंतर १९ दिवसांनीं मुसोलिनीला त्याच्याच देशबांधवांनीं गोळ्या घातल्या.

त्या मंडईतल्या गृहस्थांस आम्हीं एवढेंच सांगितलें, कीं ताम्हिणी घाट उतरून कोकणांत जाल तेव्हां माणगांवास थांबा. यशवंत घाडगेचा पुतळा तेथें आहे.